हळू बॉल
धानाच्या धसकटाचा वास आला की गावच्या क्रिकेटची ती फायनल आठवते. बाबांची वरठीच्या कारखान्यात रोजंदारी होती; नागा झाला, दिवसाची मजुरी बुडाली, की घरी पेजेवर भागायचं. तरी त्या दिवशी नागा करून ते कापलेल्या बांधीत, धानाच्या शेतात, मॅच पाहायला बसले. आमचं गाव कधीच फायनल जिंकलं नव्हतं. आमचा हळू बॉलर पिचवर उरलेल्या धसकटांवर बॉल टाकून गडी भराभर बाद करत होता. शेवटच्या ओव्हरला कप्तानानं त्यालाच काढून स्पीडवाल्याला बॉल दिला. बाबा ओरडले, "त्याले काहून काढलं बे?" कप्तान म्हणाला, "काका, आता स्पीडचा जमाना आहे." स्पीडवाल्याला लागोपाठ सिक्स बसले आणि आम्ही हरलो. परतताना मला मागे बसवून बाबा सायकल मारत होते. घराजवळ म्हणाले, "अन् तुही परीक्षा कधी आहे?" त्या प्रश्नानं मी अभ्यासाला लागलो आणि पुढे घरातला पहिला पदवीधर झालो. टीम अजून हरतेच.