बाचे कान

पुसदच्या हायस्कुलात मी नववीत होते. आमचे इंग्रजीचे सर दर शनिवारी फळ्यावर एक क्रियापद लिहीत. त्याचा अर्थ, विरुद्धार्थ आणि तीन वाक्यं आम्ही वहीत लिहून आणायची. त्या शनिवारी होतं 'डाय अवे'. हळूहळू कमी होत नाहीसं होणं, असा अर्थ सरांनी सांगितला. उलट म्हणजे 'ग्रो लाउडर', वाढत जाणं.

बाकीच्या पोरींनी वाऱ्याचा आवाज, बँडचा आवाज, बाजारातला गलका अशी वाक्यं केली. माझी दोन तशीच होती. तिसरं मी लिहिलं, 'माझ्या वडिलांचे कान डाय अवे होत आहेत.'

सोमवारी वही परत आली तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती.

"आवाज डाय अवे होतो. कान होत नाहीत," सर म्हणाले. वर्ग खदखदून हसला. "असं वाक्य सुचलं कुठून तुला?"

"सर, खरं हाय ते," मी म्हटलं, आणि वही घेऊन खाली बसले.

बा जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कामाला होता. कापसाचा हंगाम असला की सरकी काढायच्या यंत्रांपाशी दिवसभर उभा. त्या घरघराटानं आधी त्याच्या कानातून चिमण्या गेल्या, मग दारावरची थाप, मग आईची हाक. जिनात कळलं तर काढून टाकतील, या धास्तीनं आम्ही कुणाजवळ बोललो नव्हतो. तसली गोष्ट मी इंग्रजीत लिहून बसले होते.

संध्याकाळी सर आमच्या वस्तीत आले. आम्ही धम्म घेतला त्याच्या आधी किंवा नंतर, कुणी मास्तर आमच्या घरात येऊन बसल्याचं मला आठवत नाही. बा उभाच राहिला.

"तब्येत कशी आहे?" सरांनी विचारलं.

"हो, पोरगी रोज जाते शाळेत," बा म्हणाला.

मग सरांनी माझ्या धाकट्या बहिणीची पाटी मागून घेतली, मोठ्या अक्षरांत काही लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं. धम्म घेतल्यावर वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला होता, त्यात बा अक्षरं शिकला होता. अक्षरावर बोट ठेवत त्यानं वाचलं, "मुल... गी... हुशार... आहे." आणि एकदम हसला. किती दिवसांनी कुणाचं तरी बोलणं त्याला पहिल्या खेपेला कळलं होतं.

"तिच्यासमोर नोका सांगू सर, डोक्यावर बसन ते," चुलीजवळून आई म्हणाली.

पुढच्या हंगामाला बा आपणहून मुकादमाला कान गेल्याचं सांगून आला. काढलं नाही त्यांनी. यंत्रापासून हलवून अंगणात कापसाच्या ढिगाऱ्यावर ठेवलं. गेलेलं ऐकू येणं मात्र परतलं नाही. घरात आम्ही पाटीवर लिहायचो आणि तो तोंडानं उत्तर द्यायचा.

मग एक दिवस जेवताना त्यानं स्वतःच पेन्सिल उचलली. बराच वेळ लिहिलं आणि पाटी आईपुढे सरकवली. आईला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं वं?" तिनं मला विचारलं.

"वरणात मीठ नाही."

"मंग तोंडानं सांगाले काय झालतं याईले?"

बाला ते ऐकू गेलं नाही. पाटी पुसून तो पुढचं लिहायला लागला होता.