भातानं डकवलेला हुकूम

"मागनं ये," राव म्हणाले.

पुढचं दार अर्धं उघडं. सोवळं नेसलेले, कपाळाला ओलं गंध, हातात मोबाइल. माझ्या हातात कोर्टाचा मनाईहुकूम, सहीशिक्क्याचा. आणि मी, पस्तिशी ओलांडलेली बाई, कोर्टाची अमीन, निमूट वळले की हो मागच्या गल्लीकडे. कोणी ढकललं नाही. पाय आपोआप वळले. त्याचाच संताप अजून जात नाही.

पायांना सवय होती ना. माझी आई याच घरात भांडी घासायची. राव म्हणजे तिच्या मालकीणबाईंचा धाकटा मुलगा. तेही मराठी, आम्हीही मराठी. दोघांचे पूर्वज राजांच्या मागोमाग तंजावुरात आले. त्यांचे कारभारी होऊन, आमचे घोड्यांना चारा घालायला. राजे गेले, घोडे गेले, दारं तशीच राहिली. त्यांना पुढचं, आम्हांला कोल्लैतलं. कोल्लै म्हणजे परसदार. एका दीपावळीला नवी पावाडै, म्हणजे परकर, घालून मी हौसेनं त्यांच्या तिण्णैवर चढले, रस्त्याकडच्या ओट्यावर. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त घागरभर पाणी आणून पायरी धुतली. माझ्यादेखत. आई म्हणाली, चल, मागनं जाऊ.

तीच मी. शिकले, परीक्षा दिली, अमीन झाले. कोर्टाचा कागद ज्याचा त्याला नेऊन पोचवणं हे माझं काम. लोक शिव्या घालतात, कुत्री सोडतात, आजोबा मेले म्हणून सांगतात आणि आजोबा आतून खोकतात. त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र हातातला कागद जड झाला होता.

कागद पाक्यमच्या घराचा होता. पाक्यम वाय्क्कालच्या काठावर राहते, कालव्याला लागून, पुढच्या खोलीत इडल्या विकते. तिच्या मुलानं कालव्याला पाणी का सोडत नाही म्हणून मंत्र्यांच्या गाडीपुढं घोषणा दिल्या. आठवडा गेला नाही तोवर तिच्या भिंतीवर लाल फुली. अतिक्रमण म्हणे. अख्खी रांग त्याच काठावर, त्याच जमिनीवर, आणि फुली एकट्या पाक्यमच्या घराला. ती फुली मारायचा हुकूम रावांचा. महसूल खात्यात ते मोठे अधिकारी.

शुक्रवारी संध्याकाळी कोर्टानं मनाई दिली. सुनावणी होईपर्यंत घराला हात लावायचा नाही. न्यायाधीश बाईंनी मला बोलावून सांगितलं, उद्या ऑफिस बंद असेल, घरी जाऊन हातात द्या. घेतला नाही तर पुढच्या दारावर डकवा, साक्षीदारासमोर. हा आमचा रोजचा रिवाज. कागद दाराला लागला की तो माणसाला पोचला. मग कोणी म्हणू शकत नाही की मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या परसात उभी होते. हुकूम पुढे केला तर राव म्हणाले, पूजा व्हायचीय, बस. आतून त्यांच्या बायकोनं केळीच्या पानावर भात आणून धुण्याच्या दगडावर ठेवला. खाऊन घे म्हणाली. मालकीणबाई आईलाही तिथंच द्यायच्या, त्याच दगडावर. रावांची बायको बिचारी वाईट नव्हती. रीत होती ती.

मी बसले नाही. पण तिथंच उभी राहिले. तेवढ्यात पाक्यमच्या वकिलाचा फोन. जेसीबी आलंय, हुकुमाची नक्कल दाखवली तर इथले लोक म्हणतात साहेबांचा शब्द येईपर्यंत थांबवणार नाही. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला साहेबांचा शब्द ऐकू येत होता. राव फोनवर तमिळमध्ये सांगत होते, चालू ठेवा, मला काही मिळालेलं नाही.

मिळालेलं नाही! माणूस हातभर अंतरावर, कागद माझ्या हातात, आणि मिळालेलं नाही. पूजा कसली, घर पडेपर्यंतचा वेळ काढत होते.

मी खिडकीपाशी गेले, हुकूम घ्या म्हणाले. राव बाहेर आले. रागावलेले नव्हते, उलट गोड बोलले, घरच्या मराठीत. रिपोर्टात लिही, राव घरी नव्हते. सोमवारी ऑफिसात ये, सही करून घेतो.

"आणि तिचं घर?" मी विचारलं.

"तुज काय करायचंय? कोर्ट काय नि सरकार काय, घर एकच. पगार एकाच खजिन्यातून येतो. तुझ्या आईनं कधी उलट शब्द केला नाही."

आईचं नाव निघालं आणि डोक्यात काहीतरी लख्ख झालं. फुली यांनी मारली. गुन्हा यांनीच ठरवला, शिक्षाही यांनीच. मशीन यांनी पाठवलं. आता कोर्टाचा हुकूम कधी पोचला तेही हेच ठरवणार? मग कोर्ट कशाला हवं? कुलूप घाला त्याला आणि आत भाताची पोती भरा.

"पगार एका खजिन्यातून येतो, सार," मी म्हणाले. "हुकूम येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना राव म्हटलं नाही, ऑफिसातल्या कुठल्याही साहेबाला म्हणावं तसं सार म्हटलं.

पिशवीत डिंकाची बाटली होती. ती मी काढली नाही. पानावरचा भात मुठीत घेतला आणि गल्लीतून वळसा घालून पुढं आले. तिण्णैवर चढले, चपलांसकट. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका पेपर वाचत होत्या, त्यांना हाक मारली, साक्ष हवीय म्हटलं. त्या चष्मा पुसत आल्या. पितळी कड्यांच्या त्या सागवानी दारावर मी भात चुरडला आणि हुकूम दाबून बसवला. पोन्नी तांदळाचा भात, छान चिकटतो.

राव धावत आले. "खरकटं दाराला!" म्हणून ओरडले. तुमच्याच घरचं आहे, मी म्हणाले. शिक्षिकाबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. मी फोटो काढून वकिलाला पाठवला.

साहेबांच्याच दारावरचा हुकूम फोटोत दिसल्यावर मशीन थांबलं. पण पुढची खोली तोवर पडली होती. मी मोपेडवरून पोचले तेव्हा पाक्यम ढिगाऱ्यातून ग्राइंडर ओढत होती. पीठ मातीत सांडलेलं. तिनं आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाली, "थोडं आधी का नाही आलीस?"

मी काय सांगणार? परसात उभी होते म्हणून? तिचं ते वाक्य अजून झोपू देत नाही.

आता सगळे शहाणपण शिकवतायत. रावांनी कोर्टात लिहून दिलंय की ते त्या सकाळी घरी नव्हतेच, त्यांना काही माहीत नव्हतं. ऑफिसातले वरिष्ठ म्हणतात, तूही तसंच लिही, प्रकरण मिटेल, नाहीतर अधिकाऱ्याचं दार विद्रूप केलं म्हणून चौकशी लागेल. आणि आई. ती म्हणते, बये, खाल्ल्या मिठाला जागावं.

मी तिचे हात धरून सांगितलं, ते मीठ फुकट नव्हतं आई, तू त्याच्यासाठी राखेनं हात सोलून घेतलेस. तिला पटलं की नाही, ठाऊक नाही.

माझा रिपोर्ट गेलाय. राव घरी होते. हुकूम घेतला नाही. पुढच्या दारावर डकवला. न्यायाधीश बाईंनी मला साक्षीला बोलावलंय. तिथं मी मागच्या दाराचंही सांगणार, पानावरच्या भाताचंही, खिडकीतून ऐकलेल्या शब्दाचंही. उशिरा पोचले तेही लपवणार नाही.

करा बदली. ओरत्तनाडूला टाका, नाहीतर जिथं बस जात नाही अशा कोर्टात टाका. दारं तिथंही असतीलच. माझ्या हातून कोर्ट पुन्हा मागच्या दारानं जाणार नाही.