फक्त रंग भरणारी

“तू जरा मागं उभी रहा. तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो.”

केळव्याच्या रिसॉर्टमध्ये, पाहुण्यांसमोर, मॅडम हे हसत म्हणाल्या. पाहुणे पण हसले. मी मागं सरले.

बोईसरच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर कपड्यांची डिझाइनं करायचे. मॅडम म्हणजे शेठची मुलगी. त्या दिवशी पडद्यावर झळकणारे कपडे कधी शिवलेच जाणार नव्हते. फोनवरच्या खेळांतल्या बाहुल्यांना घालायचे, नुसती चित्रं म्हणूनच विकायचे. त्यातला निळा घागरा माझा. माझी आय किनाऱ्यावर वलांडीला, बांबूंच्या मांडवाला, बोंबील सुकत घालते. जबड्यात जबडा अडकवून, ओळीनं. ते बघत मी वाढले. तीच नक्षी घागऱ्यावर उतरवली.

मॅडम माईकवर म्हणाल्या, “समुद्राकाठी फिरताना मला ही नक्षी सुचली.”

मग कॅमेरा माझ्याकडं वळला. शेठ कानाशी आले. “बोल, नक्षी मॅडमची, मी फक्त रंग भरले.”

तोंड उघडलं. डोळ्यांसमोर आयची बोटं आली. मिठानं चिरलेली.

“मी काढलीय,” मी म्हणाले. “सगळी. मीच.”

कॅमेरा बंद.

“उद्यापासून येऊ नकोस,” शेठ म्हणाले.

नंतर आलेल्या व्हिडिओत मी नाय. कुठंच नाय.

पालघरच्या वकीलबाई सरळ बोलल्या. “पगारावर असताना काढलंस, म्हणजे मालकी त्यांची. कायदाच तसा आहे. काढणारी म्हणून नाव मागता येईल. पण काढताना पाहिलं कुणी?”

पाहिलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या दीदीनं. बिहारची, सालवडला भाड्यानं राहते. ती रडवेली झाली. “बहन, मेरी भी नौकरी जाएगी.”

मूळ फाइल त्यांच्या मशीनवर. बाकीच्या कारखान्यांत माझी बदनामी आधीच पोचलेली. गेटवरूनच परत.

आय म्हणाली, “गप रव गो बाय. आपलं कोन ऐकतं?”

खरं हाय. कोन नाय ऐकत. तिच्या टोपलीतल्या बोंबलाला नाक मुरडतात, तोच पडद्यावर आला की टाळ्या वाजवतात.

तरी दावा लावतेय. घागरा परत मिळणार नाय. नोकरी तर नायच. वकीलबाई म्हणतात, बहुतेक हरू. हरू. पण शेठना आणि मॅडमना कोर्टात शपथ घेऊन सांगावं लागेल, नक्षी कुणी काढली ते. खोटंच सांगतील. सांगू देत. माझ्या तोंडावर सांगू देत.