सरांच्या कपाटातली हार्डडिस्क

पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, आणि ताई भडकली की शेजारच्या खोलीतले लोक हळूच दार लोटून घेत. सरांची हार्डडिस्क उघडली त्या दिवशी मात्र तिने आवाज चढवलाच नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

उत्खननात फोटो आणि मोजमापं हे तिचं काम. नवा रस्ता होणार म्हणून नदीकाठची एक प्राचीन वस्ती घाईघाईने खणली होती. तिथली घरं, चुली, रांजणात पुरलेलं एक तान्हं बाळ, सगळं तिने उन्हात गुडघे टेकून टिपलं. मग वरून डांबर पडलं. उरली ती माहिती, तीही एकाच हार्डडिस्कवर, उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांच्या कपाटात.

ती दरवर्षी मागे लागायची, की विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहाला एक प्रत देऊ या, इतरांनाही अभ्यास करू दे. सर म्हणायचे, आधी माझं पुस्तक येऊ दे, नाहीतर लोक आयतं उचलतील. पुस्तक काही आलं नाही. सर निवृत्त झाले आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे आली.

डिस्क जोडली तर नुसती कुरकुर. ती तडक धाकट्या दिराच्या दुकानात गेली. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बरीच खटपट करून तो म्हणाला, "वहिनी, नकाशे निघालेत, पण ते उघडणारं सॉफ्टवेअर कधीच बंद पडलंय. फोटो थोडेच वाचले."

वाचलेल्या फोटोंची नावं होती 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचा', 'खरंच शेवटचा'. तिने प्रत्येक फोटोला तो कोणत्या खड्ड्यातला, कोणत्या थरातला हे लिहून नाव दिलं होतं. पुस्तकासाठी निवड करताना सरांनी ती नावं पुसून टाकली होती. ती तशीच सरांच्या घरी गेली.

सरांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, यंत्रं काय, बंद पडायचीच.

"म्हणून तर प्रती ठेवतात, सर. खणली तेव्हाच ती वस्ती मोडली. तुम्हाला एकट्याला बघायची होती, आता ती कोणालाच दिसणार नाही. त्या बाळाचा एकही फोटो उरला नाही."

"तुझं नाव मी पुस्तकात घालणारच होतो," सर म्हणाले.

ती चहा तसाच टाकून उठली.

मग तिने त्या उत्खननातल्या एकेकाला फोन लावला. कोणाच्या जुन्या लॅपटॉपवर, कोणाच्या ईमेलमध्ये तुकडे सापडले. दिराने कुठूनतरी ते जुनं सॉफ्टवेअर पैदा केलं, तेव्हा नकाशेही उघडले. तिने पुन्हा सगळ्याला खड्डा आणि थर लावले आणि कोणालाही उघडता येईल अशा रूपात ते संग्रहाला देऊन टाकलं. ऑफिसला विचारलं नाही.

साहेबांनी बोलावून विचारलं, परवानगी कोणाची?

"इतकी वर्षं परवानगीच मागत होते," ती म्हणाली.

तिला पुढच्या उत्खननातून काढून गोदामात बसवलं. तिथे खापरांच्या पेट्यांमध्ये अजूनही ती धुमसत असते. परवा नव्या उत्खननाच्या प्रमुखबाईंचा फोन आला, माहिती कशी ठेवावी विचारायला. ताईने नमस्कारही घेतला नाही. "आज जे टिपलंय त्याची प्रत आजच बाहेर पाठवा," म्हणाली, "मग बोलू."