चाळीस पावलांची वाळू

सोलापूरच्या शाळेत मी तीस वर्षं लाटांमुळे होणारी किनाऱ्याची झीज शिकवली, तीही खडूने. समुद्र सोडा, आमच्याकडे नळाला पाणी येण्याची मारामार. निवृत्तीनंतर बायको म्हणाली, एकदा बघून तरी या. तिला बस लागते, म्हणून ऑक्टोबरात मी एकट्यानेच मालवणची एसटी धरली.

मालवणहून देवबागकडे जाताना जमीन चिंचोळी होत जाते. डावीकडे कर्ली नदीची खाडी, उजवीकडे समुद्र, आणि मध्ये माड, घरं आणि समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यावीच असा रस्ता. मी उतरलो फिलोमिना बाईंकडे. त्या गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. एकट्या राहतात आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मीही मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच मला मागच्या अंगणात नेलं.

अंगण संपलं तिथे जमीनच तुटली होती. माडांची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती आणि दोन माड वाळूत आडवे झाले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून कड जेमतेम आठ पावलांवर. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचा बंधारा होता, फक्त बाईंच्या जमिनीपुरती चाळीस पावलं वाळू मोकळी होती. पावसाळ्यातली लाट बंधाऱ्यावर आपटते, टोकाला वळसा घालते आणि सगळा राग या मोकळ्या वाळूवर काढते. हे मी शेकडो मुलांना समजावलं होतं. प्रत्यक्ष आज पहिल्यांदाच बघत होतो.

मग इथेच बंधारा का नाही, हे रात्रीच्या जेवणात कळलं. बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण) वाढत बाईंनी सांगितलं, की रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं) दगडांवर ओढता येत नाही, फाटतं. गावात रापण लावायला आता एवढीच जागा उरली आहे. बंधाऱ्याला त्यांची संमती विचारायला दुसऱ्या दिवशी कचेरीतला माणूस येणार होता. हो म्हटलं तर घर वाचणार आणि रापण संपणार. त्या काय ठरवणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी रापण लागली. होडीने समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकला आणि किनाऱ्यावर दोन रांगा दोर ओढू लागल्या. मलाही राहवेना. मी वाकून, सगळा जोर हातात घेऊन ओढू लागलो आणि दुसऱ्याच लाटेत सपशेल बसलो. माझी एक चप्पल अरबी समुद्राला अर्पण झाली. रांगेतल्या एका बाईने हसत दाखवलं, की दोर कमरेला लावून उलटं चालायचं असतं. तासाभराने तारली आणि बांगडे फडफडत वाळूवर आले. दोराला हात लावला त्याला वाटा, या रिवाजाने माझ्यापुढेही चार बांगडे पडले. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

वाटे झाल्यावर जनू तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, बाईंच्या पायरीपाशी आला. पन्नाशीचा, एके काळचा त्यांचा विद्यार्थी. टोपी हातात घेऊन खाली बघतच बोलला.

"बाईनू, बंधारो घालून घेवा. आमी सगळ्यांनी ठरवलांव. तुमचा घर रवाक व्हया."

"आणि रापण खंय लावतलास?"

तो टोपीवरची वाळू झटकत राहिला.

"घर मागे न्हेवक येता रे, जनू. किनारो खंय न्हेवचो?"

एवढंच बोलून त्या मासे साफ करायला बसल्या. जनूने डोळे पुसले आणि माणसांना हाक मारली.

दुपारी कचेरीतला माणूस आला तेव्हा स्वयंपाकघराची कौलं उतरत होती. सकाळचीच माणसं रांगेत उभी राहून हातोहात कौलं मागे, रस्त्याच्या बाजूला देत होती. मीही रांगेत होतो, एका चपलेवर. बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि नकार दिला.

तिसऱ्या दिवशी निघताना नवीन जागेवर चूल मांडून झाली होती. दरवर्षी किती किनारा जातो, इथवर लाट यायला किती वर्षं लागतील, हा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता. मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "सर, ते नका सांगू. मी आहे तोवर इथे जाळं ओढलं जाईल, एवढं मला माहीत आहे."

मी तो हिशेब मनातच पुसून टाकला. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं त्या वाळूकडे बघत उभे होतो, आणि खरं सांगतो, मला निघवत नव्हतं.