मांडीवरची दहा मिनिटे

गिरिधर हेडाऊ आमच्या महाविद्यालयाच्या प्राणीगृहात अकरा वर्षे कंत्राटी परिचर होते. दर जूनमध्ये कंत्राट वाढे, आणि घर त्यावरच चाले. त्यांचे वडील खापा गावी हातमागावर विणायला बसत. तुटलेला धागा न ओढता सांधण्याची सवय गिरिधरभाऊंच्या बोटांत उरली होती.

तिथे संशोधन करणाऱ्या भारती मॅडमचा पीएच.डी.चा प्रबंध तेव्हा अडला होता. अ‍ॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळी शरीरात तयार होणारे संप्रेरक रक्तात उतरले, की स्नायूतले फॉस्फोरिलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होते आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर तोडू लागते. हे उंदरांच्या मांडीच्या स्नायूत मोजायचे होते. पण ज्यांना अ‍ॅड्रेनलिन टोचलेच नव्हते, त्यांच्यातही विकर तितकेच जागे सापडे.

"मॅडम, उंदीर भिऊन राहिले," गिरिधरभाऊ म्हणाले. "तुम्ही शेपटीले धरून उचलता. सुईच्या आधीच त्याईच्या अंगात तुमचं औषध तयार."

"मग काय, अंगाई म्हणू का?"

"तुम्ही नका म्हणू. आणखी भितील."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक उंदीर दहा मिनिटे त्यांच्या मांडीवर बसू लागला. तो निवांत झाला, की ते त्याला पुढे करीत आणि स्नायू काढण्यासाठी त्याला मारले जाईपर्यंत पाठ फिरवून उभे राहत. आकडे स्वच्छ आले.

मंजूर कार्यपद्धतीत ही दहा मिनिटे नव्हती. त्यासाठी प्राणी-प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे नव्याने अर्ज करावा लागला असता. मॅडमनी तो केला नाही. गिरिधरभाऊ मात्र नोंदवहीत घडले तेच लिहीत. प्रत्येक उंदरापुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती: 'मांडीवर, १० मि.'

तपासणीच्या वेळी समितीने वही उघडली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे परिचराने परस्पर केलं. मला कल्पना नव्हती."

मी समितीचा सदस्य होतो. गिरिधरभाऊंच्या मांडीवरचा उंदीर मी पाहिला होता, तोही मॅडम शेजारी उभ्या असताना. मी समोरचा पाण्याचा पेला उचलला.

प्रबंध बचावला. 'प्राण्यांना हाताळणीची सवय करून दिली' एवढे एक वाक्य त्यात वाढले. गिरिधरभाऊंचे कंत्राट त्या जूनमध्ये वाढले नाही.

त्यांच्या कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी एक उंदीर मोजायचा राहिला होता. मॅडमनी सवयीने हाक मारली, "गिरिधरभाऊ, एवढा घ्या ना."

त्यांनी घेतला. उंदीर मांडीवर ठरेना. त्यांच्या बोटांची पकड आज सारखी आवळत होती. दहा मिनिटांनी त्यांनी तो अलगद पिंजऱ्यात ठेवला.

"हा नका घेऊ, मॅडम," ते म्हणाले. "माह्या हाताले भिऊन राहिला. आकडा खोटा येईन."