काटोलच्या फाटकाची गोष्ट

काटोलच्या फाटकाची गोष्ट मी आयुष्यात इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे हसायचं, हे जिभेला पाठ झालं आहे. कॉलेजांतून सांगितली, कंपन्यांच्या मेजवान्यांत सांगितली, आमच्या मुंबईच्या फर्ममध्ये नवी मुलं रुजू झाली की पहिल्याच दिवशी सांगितली. आज सांगतो आहे ती मात्र तशी नाही. ही मी बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि शेवटच्या दुखण्यात रोज ज्यांच्या उशाशी बसलो त्या वडिलांनाही नाही.

आत्ताही वाटतं, राहू द्यावं. कुणी विचारलंय का? नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं निभावलं.

मी धंतोलीतला. वडिलांची वकिली बरी चालत होती. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, नोकरीवाचून काही अडत नव्हतं – हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्यासाठी काही सबब शोधायला नको. इंजिनियरिंग कॉलेजात माझा एक मित्र होता, मधुकर. इंदोऱ्याचा. तो लहान असताना त्याच्या घरच्यांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला होता. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली ती गर्दी त्याला आठवायची. वर्गात तो सगळ्यांत हुशार होता का? मार्कांनी नव्हता. पण आम्ही सगळे एखाद्या गोष्टीकडे बघत असायचो तेव्हा तो तिच्या मागे काय आहे ते बघत असायचा. आणि बोलायचा! कँटीनमध्ये तो बोलायला लागला की शेजारच्या टेबलावरची पोरं खुर्च्या ओढून घ्यायची.

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. व्यवस्थापन सल्लागार म्हणजे काय, हे नागपुरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? ते मधुकरनंच शोधून काढलं. लायब्ररीत कुठलंसं मासिक वाचून तो मला म्हणाला होता, "पाह्य ना गा, या लोकांले कारखाना आपला नसला तरी चालते. नुसतं पाहायचं, विचारायचं, आन् चुकून काय राहिलं ते सांगायचं. हे तं आपण फुकटातच करून राहिलो!" माझ्या आईनं ऐकलं तेव्हा ती हसली होती. सल्ला द्यायचा पगार मिळतो?

पुढे मुंबईची एक फर्म विदर्भातल्या कामासाठी माणूस शोधते आहे असं कळलं. आम्ही दोघांनीही अर्ज केले. चाळणी होत होत शेवटी आम्ही दोघंच उरलो. जागा एक. आम्हाला दोघांनाही ते ठाऊक होतं आणि आम्ही त्यावर हसत होतो – ज्याला मिळेल त्यानं दुसऱ्याला मुंबई दाखवायची, असं ठरलं होतं.

शेवटची परीक्षा अशी: काटोलजवळ संत्र्याच्या रसाचा एक कारखाना होता. त्याच्याकडे येणारा माल खराब निघायचा, निम्मा फेकावा लागायचा. मालकाला फळं निवडायचं परदेशी यंत्र घ्यायचं होतं. फर्मनं आम्हाला सांगितलं, एक दिवस तिथे घालवा आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगा, यंत्र घ्यावं की नाही.

पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं गेलो. मृग बहाराची संत्री जोरात उतरत होती. मंडीत बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग, खाली तणस पसरून ओतलेले संत्र्यांचे ढीग, ओरडणारे अडते. मी काय केलं? मी पेट्या मोजल्या. फळं कशी रचतात, तळाची किती दबतात, याची टिपणं काढली. कारखान्यात जाऊन यंत्र कुठे बसेल त्याची आकृतीसुद्धा काढली. मधुकर मात्र मंडीतच होता. एका बंडीच्या सावलीत शेतकऱ्यांसोबत फतकल मारून बसलेला, त्यांच्याच डब्यातली भाकर खात. मला थोडा रागच आला होता – हा काय गप्पा मारायला आलाय?

परतीच्या एसटीत त्यानं सांगितलं. मी खिडकीशी होतो, तो कडेला.

"यंत्र कायले पाहिजे? मंडी उजाडायच्या आधी भरते. कारखान्याचं फाटक कवा उघडते? हापिसाच्या टायमाले. तोवर चांगला माल व्यापाऱ्यायनं उचलला. मंग कारखान्यात कोन जाते? ज्याचा माल मंडीत कोनी घेतला नाई तो. माल खराब नाई होऊन राहिला यार, खराब मालच त्यायच्या दारात येऊन राहिला. फाटक पहाटे उघडा म्हणा. झालं!"

आणि तो मोठ्यानं हसला. कंडक्टरनं वळून पाहिलं. मी म्हणालो, वा. खरंच म्हणालो. त्या क्षणी माझ्या मनात मत्सर नव्हता – की होता? आता कसं सांगू?

दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात मुलाखत. आत तिघे होते. मधले मुंबईचे, फर्मचे भागीदार, पांढरे केस, अतिशय मृदू बोलणारे. आधी मला बोलावलं.

कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ते माझ्या तोंडून निघून गेलं. घाबरलो होतो, पेट्यांचं सांगायला सुरुवात केली, त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला, आणि जीभ आपोआप फाटकाकडे वळली. असं होऊ शकतं ना माणसाचं? होऊ शकतं. पण तसं झालं नव्हतं. त्या सकाळी दाढी करताना मी ते आरशासमोर इंग्रजीत म्हणून पाहिलं होतं. दोनदा. दुसऱ्या वेळी ते जास्त चांगलं जमलं होतं.

मी सांगितलं तेव्हा भागीदार साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला हे कसं सुचलं?" मी म्हणालो, शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसलो होतो. त्यांच्याबरोबर भाकर खाल्ली. – हो, भाकरसुद्धा घेतली मी त्याची.

मग मधुकर आत गेला. मी व्हरांड्यात बसलो. तो पटकन बाहेर आला, चेहरा गोंधळलेला. काही बोलायच्या आत शिपायानं मला परत आत बोलावलं.

त्यांनी सरळ विचारलं. दोघांचं उत्तर एकच आहे, शब्दही जवळजवळ तेच. मूळ कल्पना कुणाची?

खोलीत पंखा फिरत होता. डावीकडच्या गृहस्थांनी समोरच्या कागदावरच्या आमच्या दोघांच्या आडनावांकडे पाहिलं, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, आणि मग माझ्याकडे पाहून किंचित हसले. मला तेव्हाच कळलं. मी काय बोलेन याची त्यांना गरजच नव्हती, त्यांचं ठरलेलं होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. पण मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "काल एसटीत मी त्याला सांगितलं होतं. त्याच्या लक्षात राहिलं असेल."

वर आणखी म्हणालो, "तो मुलगा चांगला आहे." हे का म्हणालो? उदार दिसायला.

भागीदार साहेब उठून स्वतः दारापर्यंत आले. व्हरांड्यात उभ्या असलेल्या मधुकरला ते त्याच मृदू आवाजात म्हणाले, पुढच्या वेळी स्वतःचं डोकं घेऊन या. आणि दार लोटून घेतलं.

आता मला वाटलं, हा माझ्या अंगावर येईल. गचांडी धरेल. धरायला हवी होती. त्यानं काय केलं? माझा हात धरला.

"काहीतरी गडबड झाली गा. त्यायले वाटून राहिलं मी तुह्यं चोरलं. तूनं तं माह्यं नाव घेतलंच असशीन ना?"

"घेतलं होतं," मी म्हणालो.

"मंग त्यायनं ऐकलं नसन. तू एक डाव जाऊन सांग ना यार. नोकरी नाई भेटली तरी चालते मले. पन चोर काहून म्हणतीन?"

ऐकताय ना? त्याला माझ्याबद्दल संशयही आला नव्हता.

मी दार ढकललं आणि आत गेलो. इथवर आलो आहे तर हेही सांगतो. खरं म्हणजे हेच सांगायचं होतं, बाकीचं सगळं याच्या आधीचं आहे. पहिल्या खोट्याला निदान घाई होती, समोर तीन माणसं होती, प्रश्न होता. या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं. ते तिघे कागद आवरत होते. भागीदार साहेबांनी मान वर केली. येस? एक वाक्य पुरलं असतं. दाराबाहेर तो उभा होता, आणि मी आत उभा राहून विचारलं – मुंबईत राहायची सोय फर्म करते का?

त्यांनी सांगितलं, करते. मी आभार मानले. थोडा वेळ उगाच रेंगाळलो, बाहेर खरं वाटेल इतका. मग येऊन मधुकरला म्हणालो, "सांगितलं. ऐकतच नाहीत."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू गेला तं खरा. दुसरा गेला नसता."

सदरच्या कोपऱ्यावर त्यानं मला चहा पाजला. नोकरी लागली म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी मुंबईला गेलो, चढत गेलो. मधुकर नागपुरातच एका सरकारी खात्यात लागला. मी सुट्टीत यायचो तेव्हा कधीमधी भेट व्हायची. एकदा त्याची बायको, शकुंतलावहिनी, हसत हसत म्हणाल्या, "घरी ह्यायचं तोंड बंद नाई होत, आन् हापिसात म्हणे कवाच काई बोलत नाई. साहेबानं विचारलं तरी नाई." मधुकर म्हणाला, "बोलून पाह्यलं ना एक डाव." आणि माझ्याकडे बघून असं हसला, जणू त्यातलं दुःख आम्हा दोघांचं होतं. मीही हसलो.

नव्वदनंतर नागपूरच्या एका कॉलेजानं मला बोलावलं. विषय होता, या क्षेत्रात नोकरी कशी मिळवावी. सभागृह भरलेलं. मी नेहमीसारखी काटोलची गोष्ट काढली. जिथे कुणी बघत नाही तिथे बघा, असं सांगितलं. बंडीच्या सावलीत कसा बसलो ते सांगितलं. भाकरीशी आलो आणि तिसऱ्या रांगेत मला मधुकर दिसला.

थांबावं असं वाटलं का? वाटलं. पण गोष्ट पाठ होती. ती माझ्याशिवायच पुढे जात राहिली. फाटक पहाटे उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोही वाजवत होता, हळूहळू, खाली बघत.

नंतर तो स्टेजपाशी आला. सोबत त्याची मुलगी, सुजाता. त्याच कॉलेजात शिकत होती. म्हणून तो आला होता, माझ्या नावाची पाटी वाचून, अभिमानानं. मुलीचा चेहरा पडला होता. ती माझ्याकडे पाहून नमस्कार म्हणाली आणि मग बापाकडे वळून हलक्या आवाजात बोलली, पण मला ऐकू आलं.

"बाबा, हे तं तुमची गोष्ट म्हणून सांगता ना तुम्ही आम्हाले? लहानपनापासून?"

मधुकर तिच्याकडे वळला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला त्या सभागृहातच सगळं कळलं होतं. मी त्या दिवशी आत जाऊन काय केलं असेल, तेसुद्धा. रागानं नाही पाहिलं त्यानं. तो वाट बघत होता. मला वेळ देत होता, पुरेसा, आणि आजूबाजूला आता कुणी साहेब नव्हते, कसली जागा नव्हती, मला मिळायचं ते सगळं मिळून चुकलं होतं.

मी म्हणालो, "तुझे बाबा होते ना त्या दिवशी माझ्यासोबत."

मधुकरनं मान हलवली. मुलीला म्हणाला, "हो वं बाई. मी सोबत होतो. गोष्ट या काकायचीच हाय."

सुजातानं बापाकडे पाहिलं. लहानपणापासून ऐकलेली एक एक गोष्ट ती मनातल्या मनात परत तपासत असावी, खरी कोणती आणि खोटी कोणती – तसं पाहिलं. मग तिनं त्याचा हात सोडून आपली पुस्तकं छातीशी धरली, आणि दोघं एकमेकांपासून थोड्या अंतरानं चालत दाराकडे गेले.

मी त्यांच्यामागे गेलो नाही. प्राचार्य चहाला थांबले होते.

त्यानंतर मी मधुकरला भेटलो नाही. तो हयात आहे, इंदोऱ्यातच राहतो. सुजाता कुठे असते ते मला माहीत आहे. तिचा पत्ता मिळवणं अवघड गेलं नाही. मी तिला काहीही कळवलेलं नाही.